नाइराच्या जावळाचे मानकरी

बुधवार, ८ ऑगस्ट

दॉन्या कासिल्दा,

काल रात्री मला झोप लागली नाही. नुसती छताकडे बघत पडले होते. नाइरा मध्येच उठली, मला जागी बघून तीच घाबरली आणि रडायला लागली. का झोपले नाही ते सांगते, पण हसू नका.

काल शहरातून इंजिनियर आला होता. म्हणाला, आपल्या पाणी संघाची मेल ज्या जुन्या जागेवर आहे ती जागा महिनाअखेरीला बंद होणार. सगळं उचलून नव्या जागेवर न्यायचं. आलेली पत्रं, लोकांचे पत्ते आणि पाणीपाळीचं कॅलेंडर. मी म्हटलं, मग तुम्हीच नेऊन ठेवा की. तर म्हणाला, "सेन्योरा, नुसती बटणं तर दाबायचीत." आणि कोंबडी दाणे टिपते तसं टकटक करून दाखवलं आणि बस पकडायला पळाला. मी मान हलवत होते. मला एक अक्षर कळलं नाही.

तुम्ही ही खुर्ची माझ्या हवाली केलीत तेव्हा मी एवढंच शिकले होते, की आलेल्या माणसाला बसा म्हणायचं आणि सोमवारी वाटेकऱ्यांना पाळीची आमंत्रणं पाठवायची. ज्याने 'हो' दाबलं त्याला पाणी, नाही दाबलं तर पाणी पुढच्याला. तेवढं मला येतं. पण सगळं घरच हलवायचं म्हणजे? माझी शाळा पाचवीत सुटली. पाळ्या हरवल्या आणि ऐन ऑगस्टमध्ये पाटावर मारामारी झाली तर आपले अध्यक्ष दॉन आर्सेन्यो मला ठेवतील का? ते दारात येऊन उभे राहिले की माझ्या बोटांना घाम येतो. नुसती मिशी ओढतात.

नोकरी गेली की ऑफिसमागची खोलीही गेली. मग परत वर पठारावर आईकडे. आणि नेमकं आत्ता नाइराचं जावळ तोंडावर आलंय. सव्वीसला, रविवारी. माझा भाऊ रेनान चिलीच्या रस्त्यावर ट्रक चालवतो ना, त्याला तेवढा एकच रविवार मोकळा आहे. पहिली बट तो कापणार. नाइराचा बाप स्पेनला गेला तो गेलाच. मामाने बट कापली म्हणजे चारचौघांदेखत पोरीला जन्माचा एक माणूस मिळाला. मला दुसरं काही नको, दॉन्या कासिल्दा. एवढं नीट पार पडावं.

तुमचा गुडघा कसा आहे? तिकडे लेकीकडे सांताक्रूझला उकडतं का?

तुमची झुल्मा


गुरुवार, ९ ऑगस्ट

झुल्मिता पोरी,

हसू नका म्हणालीस म्हणून हसले नाही. नुसती खोकले. जावई पाणी घेऊन धावत आला.

गुडघा डॉक्टरच्या मते उत्तम आहे. त्याला चालावं लागत नाही ना माझ्या गुडघ्यावर. मुलगी मला खुर्चीतून हलू देत नाही. समोर पंखा, बाजूला टीव्ही, मांडीवर मांजर. मी इथे वेडी होईन, तेव्हा रोज लिही.

आता ऐक. आधी मेल हलव, कॅलेंडर मागाहून. दोन्ही एका दिवशी करायचं नाही. मेल एकेक कप्पा करून न्यायची, छोटा कप्पा पहिला. नव्या जागेवर दिसला की मगच पुढचा. आणि जुन्या जागेवरचं काही पुसायचं नाही. खोली बदलताना तू जुनी चूल आधी मोडलीस का? नाही ना? मग.

कप्प्यांची नावं बघून दचकू नको. एक 'भांडणं' आहे आणि एक 'खरी भांडणं'. पहिल्यात वाचण्यासारखं काही नाही.

नव्या घरात पाऊल टाकायच्या आधी जमिनीला घोटभर मक्याची चिचा द्यायची विसरू नको. मेलचं घर झालं तरी घरच. कॉम्प्युटरच्या भोवती शिंपड. भोवती म्हणते आहे, वर नाही. प्रिंटर नवा आला तेव्हा आर्सेन्योने अख्खा पेला त्याच्या डोक्यावर ओतला होता. अजून कागद आंबूस निघतात.

कॅलेंडरची भीती मोडायला आधी स्वतःच्या घरचं एक आमंत्रण बनव. जावळाचंच बनव. तारीख घाल, जागा घाल, कोणी काय आणायचं ते घाल. चुकलं तरी कोणाचं पाणी जात नाही.

आणि आर्सेन्योला तू ओळखलं नाहीस. काही समजलं नाही की तो मिशी ओढतो. कॉम्प्युटर चालू झाला की ओढतोच.

कासिल्दा


शनिवार, ११ ऑगस्ट

दॉन्या कासिल्दा,

गेली! मेल गेली! सगळी!

काल सकाळी चिचा शिंपडली, भोवतीच. नाइराने टेबलाचा पाय चाटला आणि तिला तो आवडला. मग मी 'शाळेची टाकी' हा कप्पा उचलला, सगळ्यात छोटा. श्वास धरून बसले. एक निळी पट्टी हळूहळू भरत गेली, जशी पाटात पाण्याची जीभ पुढे सरकते ना, तशी. आणि नव्या जागेवर तो कप्पा दिसला! मी ओरडलेच. बाहेर दॉन आर्सेन्यो खेचराला पाणी पाजत होते, ते आत आले, बघितलं, मिशी ओढली आणि गेले. या वेळी मला घाम आला नाही. थोडाच आला.

मग एकेक करत 'खरी भांडणं'पर्यंत आले. तुम्ही महापौरांना लिहिलेलं वाचलं. "आपण आपल्या टोपीत पाणी भरून आणावं, आम्ही वाट बघतो." हे तुम्ही खरंच पाठवलंत? देवा!

तुम्ही सांगितलंत तसं जावळाचं आमंत्रण पण बनवलं. लिहिलं, 'नाइराचं जावळ. रविवार, सव्वीस, दुपारी, संघाच्या ऑफिसमागचं अंगण. पहिली बट मामा रेनान. केकचा मान आपल्याकडे. स्वीकारता का?' कोणी काय आणायचं ते घाल म्हणालात म्हणून केक घातला. 'कोणाला' लिहायचं होतं तिथे पहिलंच जे नाव आलं ते राहू दिलं, सराव तर करायचा होता. पाठवा दाबलं तर जुनं यंत्र गोल गोल फिरलं आणि म्हणालं, पाठवता येत नाही, नंतर बघू. बरंच झालं.

खरं जावळ आमच्या चौघांचंच आहे. मी, नाइरा, रेनान आणि समोरची पाव विकणारी बाई, ती तरी हसून बोलते. बाकी कोणाला विचारू? तुमच्या खोऱ्यातल्या लोकांना मी पठारावरची. बाजारात गेले की बायका विचारतात, "काय गं थंडीवाले, वरचे सुकवलेले बटाटे संपले वाटतं, म्हणून खाली उतरलीस?" केक मीच करीन, छोटासा.

झुल्मा


सोमवार, १३ ऑगस्ट

झुल्मिता,

शाब्बास. महापौरांना पाठवलं होतं. त्यांनी टोपी नाही, पण पाइप आणले.

पण चौघांत जावळ म्हणजे काय? जावळ म्हणजे काय दाढी आहे, न्हाव्याकडे जाऊन उरकायला? प्रत्येक माणूस एक बट कापतो म्हणजे पोरीच्या डोक्यावर एकेक हात येतो. जेवढे हात तेवढी माणसं तिला गावात. आणि तुला विचारायला भीती वाटते! जाऊन विचार. केकचा मान एकीला, चिचेचा एकीला, वाजंत्रीचा एकाला. मानाला नाही म्हणणारा माणूस मी आपल्या खोऱ्यात पाहिलेला नाही. घरी जाऊन शिव्या घालेल, पण आणील.

बाजारातल्या बायका मलाही बोलायच्या, मी कुठली पठारावरची? माझ्या नाकावरून बोलायच्या. ज्या बाईला त्या काहीच बोलत नाहीत, तिने घाबरावं.

कॅलेंडर हलवताना नवी जागा तुला काहीतरी विचारेल. वाचून मगच दाब. आणि ते पहिलंच जे नाव आलं म्हणतेस ते कोणाचं? यादीत सगळ्यात वर मीच काहीतरी ठेवलं होतं, आता आठवत नाही. मांजर हातावर बसलंय.

कासिल्दा


बुधवार, १५ ऑगस्ट

दॉन्या कासिल्दा,

मी संपले.

तुमचं सोमवारचं पत्र जुन्या जागेवर पडलं होतं आणि मी नव्या जागेवर वाट बघत होते. आज मिळालं. वाचून मगच दाब म्हणालात, ते आज वाचलं. काल दाबून झालं होतं.

काल मी कॅलेंडर हलवलं. नव्या जागेने विचारलं, 'निमंत्रितांना कळवायचं का?' मला वाटलं, कळवलेलं बरं. न कळवता घर कोण बदलतं? मी 'हो' दाबलं.

तुम्ही इथे बसायला लागल्यापासूनचं सगळं, दॉन्या कासिल्दा, सगळं परत लोकांना गेलं. कधीच्या पाळ्या, कधीच्या सभा, पाट उपसायचे दिवस. उर्कुपिन्याच्या जत्रेला गेलेले लोक तिथून फोन करत होते, की आम्ही देवीच्या डोंगरावर आहोत, आत्ता कुठलं फावडं आणू? दॉन आर्सेन्योंना आमंत्रण गेलं, 'दाढ काढणे, सकाळी नऊ.' ते जाऊन दातवाल्याकडे बसले! दातवाला म्हणे, ती दाढ तर मी केव्हाच काढली. तरी ते बसून राहिले, संघाचं आमंत्रण आहे म्हणून.

दॉन्या एउलोहिया ऑफिसात आल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाने पाळी आली होती. त्या म्हणाल्या, "तेओफिलोच्या नावाने पुन्हा पाणी आलं, पोरी. मी 'हो' दाबून टाकलं." आणि डोळे पुसत माझ्या गालाला हात लावून गेल्या. पाणी मागितलंसुद्धा नाही.

आता खरं सांगते. यादीत ते सगळ्यात वरचं नाव होतं 'सगळे वाटेकरी'.

जावळ सगळ्यांना गेलं. जुन्या यंत्राला पाठवता आलं नव्हतं ते नव्याने पाठवलं. केकचा मान आपल्याकडे, स्वीकारता का? आणि संघाचं आमंत्रण आलं की इथे कोण वाचतं? न दाबलं तर पाणी जाईल म्हणून आधी 'हो' दाबतात, मग चष्मा शोधतात. सगळ्यांनी 'हो' दाबलं. अख्ख्या गावाने केक कबूल केलाय. तो 'हो, हो, हो' एकाखाली एक येत होता आणि मी टेबलाखाली नाइराला धरून बसले होते.

बाजारातली कणसंवाली आज म्हणाली, "आम्हाला मान दिलास थंडीवाले, आमची ओळख ना पाळख." चिडून म्हणाली का प्रेमाने, मला कळलं नाही. मी पळाले.

संध्याकाळी दॉन आर्सेन्यो दारात आले. मी उभी राहिले. त्यांनी मिशी ओढली आणि एवढंच म्हणाले, "रविवारी बोलू. सगळ्यांसमोर."

सगळ्यांसमोर काढणार मला. भावासमोर, नाइरासमोर. मी 'जावळ रद्द' असं पत्र लिहून ठेवलंय. या वेळी वाचून ठेवलंय. पाठवू?

झुल्मा


गुरुवार, १६ ऑगस्ट

पोरी,

आता मी हसले. इतकी हसले की मांजर निघून गेलं. दाढ! मीच घातली होती ती, कारण तो दर वेळी पळून जायचा.

रद्दचं पत्र पाठवशील तर मी या गुडघ्यासकट चालत येऊन तुझे कान पिळीन. दिलेला मान परत मागायचा? मग मात्र तुला खोऱ्यात कोणी बटाटा विकणार नाही. लोकांना चुकून मान मिळाला की विचारून मिळाला, याने केकला काय फरक पडतो?

फक्त सगळ्यांनी केकच आणला तर खोऱ्याला साखर पुरायची नाही. तेव्हा आता कॅलेंडर खरंच शीक. ते मोठं आमंत्रण तसंच राहू दे, त्याला हात लावू नको. प्रत्येक घराला वेगळं छोटं आमंत्रण कर. तुमच्याकडे खुर्च्यांचा मान. तुमच्याकडे कणसांचा. तुमच्याकडे वाजंत्रीचा. 'कोणाला' मध्ये एकच नाव घालायचं आणि पाठवायच्या आधी ते मोठ्याने वाचायचं. नाइराला वाचून दाखव.

आर्सेन्यो रविवारी काय बोलणार ते मला कसं ठाऊक? मी इथे पंख्याखाली. माझं त्याच्याशी काही बोलणं नाही. कोणाशीच नाही. फोनचे पैसे मुलगी भरते, मी कशाला कोणाला फोन करते?

कासिल्दा


मंगळवार, २१ ऑगस्ट

दॉन्या कासिल्दा,

मला येतं आता! मला कॅलेंडर येतं!

एकेक नाव मोठ्याने वाचत गेले. नाइरा प्रत्येक नावाला टाळ्या वाजवते. दॉन आर्सेन्योंना खुर्च्या दिल्या, त्यांच्याकडे सभेच्या आहेतच. कणसंवालीला कणसं दिली तर तिने लगेच 'हो' दाबलं आणि खाली लिहिलंही, "पण केकही आणणार. एकदा केक दिलास ना? मग." पाववालीला पाव. पाटाच्या वरच्या अंगाच्या भावांना वाजंत्री, ते ढोल आणि पितळी बाजे घेऊन येणार आहेत, काल तालीम केली तर डोंगरापलीकडच्या गावातून विचारायला आले, कोण गेलं? दॉन्या एउलोहियांना चिचा दिली. त्यांनी तेओफिलोंच्या नावावर पण एक मान मागितला. मी तेओफिलोंना फुलांचा मान दिला आणि त्यांच्या पत्त्यावर वेगळं आमंत्रण पाठवलं. पाच मिनिटांत 'हो' आलं.

सोमवारच्या पाळ्याही नव्या जागेवरून गेल्या. एकही चुकली नाही. कोणाचं डोकं फुटलं नाही. पाटावर भांडायचं सोडून लोक केकवर भांडतायत, पीचचा की नारळाचा.

लोक ऑफिसात येतात आणि नाइराच्या डोक्याकडे बघतात. आता माझी भीती वेगळीच आहे. तिचे केस किती विरळ आहेत तुम्हाला माहीत आहे. एवढ्या माणसांना एकेक बट द्यायची म्हणजे काय करू? तिच्या कानामागचे सुद्धा पुरायचे नाहीत.

आणि दुसरी भीती रविवारची, दॉन आर्सेन्यो काय बोलतील त्याची. आज त्यांनी येऊन विचारलं, "तुझं पूर्ण नाव कसं लिहितात?" काढायच्या कागदावर लिहायला असणार. मी सांगितलं. पाठ फिरली आणि मी सामान बांधायला घेतलं.

रेनानचा सीमेवरून फोन आला होता. मी त्याला गर्दीचं काही बोलले नाही. तो फार लाजाळू. चार माणसं दिसली की त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. सांगितलं असतं तर ट्रक बिघडला म्हणाला असता. म्हटलं, साधंच आहे, तू फक्त ये. तो म्हणाला, "रविवारी दुपारी. माल उतरवून रात्रभर चालवत येतो. कात्री घेतलीय नवी, कोणालाही हात लावू दिला नाहीये."

तुम्ही असतात तर किती बरं झालं असतं.

झुल्मा


शुक्रवार, २४ ऑगस्ट

झुल्मिता,

मला यायला जमणार नाही, गुडघा कुरकुरतोय आणि बसमध्ये पाय कुठे ठेवणार. तेव्हा माझी वाट बघू नको.

केसांची काळजी सोड. बारीक बारीक बटा कर, दोऱ्याएवढ्या, आणि प्रत्येकीला रिबीन बांध. लांबून रिबीनच दिसते. पहिल्या बटेला मात्र कोणाचा हात लागू द्यायचा नाही, कोण कितीही मोठा असो. मामा येईपर्यंत एक केस कापायचा नाही. मध्येच आर्सेन्यो कात्री मागेल, त्याला हातात पेला दे.

पूर्ण नाव विचारलं म्हणून सामान बांधायला घेतलंस? पोरी, तुझं काय करावं.

कासिल्दा


रविवार, २६ ऑगस्ट, दुपार

सगळ्या वाटेकऱ्यांना,

मी झुल्मा, ऑफिसातली. ही मेल सगळ्यांना मुद्दाम पाठवते आहे. 'कोणाला' मध्ये काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून पाठवते आहे.

मघाशी दॉन आर्सेन्योंनी माइक हातात दिला तेव्हा मी नुसती रडले. मागे ज्यांना बाजाच्या आवाजात काही ऐकू आलं नसेल आणि जे अजून वाटेत आहेत, त्यांच्यासाठी लिहिते. दॉन आर्सेन्योंनी आधी मिशी ओढली. मग म्हणाले, संघाची नोकरी या पोरीची पक्की, खोलीसकट. आणि दारावर लावायची पाटी काढून दाखवली, रंगवलेली, माझं पूर्ण नाव घालून. ते मला काढणार आहेत असं मी धरून चालले होते. त्यांनी विचारलं, "असं का वाटलं तुला?" मी म्हटलं, तुम्ही मिशी ओढता म्हणून. तुम्ही सगळे हसलात. त्यांनी परत ओढली.

आणि दुपारची बस थांबली आणि आधी काठी उतरली, मग केक, मग दॉन्या कासिल्दा! सांताक्रूझपासून केक मांडीवर घेऊन आल्या. म्हणे, मला पण आमंत्रण आलं होतं, मी पण 'हो' दाबलं होतं. मग कळलं की तुम्हा प्रत्येकाच्या घरी त्यांचा फोन आला होता, की 'हो' दाबलंय ना, मग पोरीला काही बोलायचं नाही, गुपचूप यायचं. आणि मला म्हणाल्या होत्या, कोणाशी बोलणं नाही! मी त्यांना म्हटलं, तुम्ही खोटं बोललात. त्या म्हणाल्या, "मुलीचे फोनचे पैसे बघ, मग मला बोल."

मी एवढी माणसं एका जागी कधी बघितली नाहीत. ती माझ्या पोरीसाठी आलीत. पीचचे केक, नारळाचे केक, एक केक कणसांचा. कणसंवाली बाई म्हणाली, "थंडीवाले, आता तरी बाजारातून पळू नको, मी तुला हाकच मारत होते." मी तुम्हा सगळ्यांचे आभार मानते. मला नीट मानता येत नाहीत.

आता महत्त्वाचं. नाइरा उंच खुर्चीवर बसली आहे, डोकंभर रिबिनी, आणि एकही बट कापलेली नाही. माझा भाऊ रेनान आला नाही. पहिली बट त्याची आहे.

तो आलाय, पण आला नाहीये. बाराच्या सुमाराला त्याने फोनवर बोलून ठेवलं होतं ते मी आत्ता ऐकलं. तुम्हाला जसंच्या तसं सांगते. "झुल्मा, तुमच्या गावाने रास्ता रोको केलाय. पुढचे ड्रायव्हर सांगतात, रस्ताभर खुर्च्या टाकल्यात, बायका पातेली घेऊन बसल्यात, ढोल चालू आहेत, म्हातारे पण हटत नाहीत. मागणी काय आहे ते कोणी सांगेना. मी मागे ट्रकांच्या रांगेत आहे. रात्रभर चालवलंय, डोळे मिटतायत, जरा पडतो. सुटला की उठव. पोरीला सांग मामा कात्री घेऊन जवळच आहे."

अंगण पुरेना म्हणून खुर्च्या मोठ्या रस्त्यावर गेल्या, त्यात दॉन आर्सेन्योंची चूक नाही. पण आपलं जावळ बघून एक ट्रक थांबला, त्याला बघून दुसरा, आणि आता रांग वळणाच्या पलीकडे गेली आहे. सगळ्यांना वाटतंय रास्ता रोको. सगळे काचा चढवून झोपलेत. दॉन आर्सेन्यो मोटारसायकलवर जाऊन आले. या फेरीला मालकाने रेनानला कुठला ट्रक दिलाय ते मला माहीत नाही, आणि झोपलेले ड्रायव्हर सगळे सारखेच दिसतात असं ते म्हणाले. मी केव्हापासून फोन करते आहे. माझ्या एकटीच्या फोनने तो उठत नाही. लहानपणी आई त्याच्यावर घागर ओतायची तेव्हा तो कूस बदलायचा.

म्हणून एक करा. पाणी संघाची मेल आली की तुम्ही हातातलं टाकून बघता, ते मला माहीत आहे. त्याचा नंबर मी या मेलच्या विषयाच्या ओळीत लिहिला आहे. सगळ्यांनी एकदम फोन करा, आणि थांबू नका, एकाचा बंद झाला की दुसऱ्याचा लागला पाहिजे. वाजंत्रीवाल्या भावांनो, तेवढा वेळ बाजा थांबवा. वळणापाशी जे आहेत त्यांनी ट्रकांना कान लावा. ज्या ट्रकात घंटी थांबतच नाही तो त्याचा. काच वाजवा आणि सांगा, हा रास्ता रोको नाही, हे तुझ्या भाचीचं जावळ आहे, आणि आम्ही सगळे तुझ्यासाठीच थांबलोय. तो लाजेल. त्याला हाताला धरून आणा.

या वेळी 'हो' दाबू नका. जो कोणी हे वाचेल त्याने माझ्या भावाला फोन करा.